किमान शिलकीचे माहात्म्य

गरिबाजवळ पैसे नसतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याबद्दल त्याला जाब विचारण्याचे धाडस आजवर कोणी केले नव्हते. नातेवाईक अशा वेळी विषय बदलतात. पुढारी हात जोडतात. देवळातला पुजारीसुद्धा दक्षिणेची थाळी जराशी पुढे सरकवून गप्प राहतो. या सार्वजनिक भिडेपोटीच गरिबी इतकी फोफावली. शेवटी ही जबाबदारी बँकांनी अंगावर घेतली आणि किमान शिलकीचा दंड जन्माला आला. पैसे नाहीत? मग त्याचे पैसे भरा. अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत इतके सुटसुटीत वाक्य सापडत नाही. आम्ही या दंडाचे जुने भक्त आहोत. सत्यनारायणापासून संतोषीमातेपर्यंत सगळ्यांची माहात्म्ये लिहिली गेली आणि याचेच तेवढे राहून गेले, याचे आम्हाला वाईट वाटत आले आहे.

कीर्ती गायची तर ठिकाणही तोलामोलाचे हवे. म्हणून तिवसा घेऊ. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. गरिबी सिद्ध करून देणारी कचेरी आणि गरिबीची दखल घेणाऱ्या शाखा एकाच गावात असल्यामुळे लाभार्थ्याची पायपीट वाचते. तालुक्यात मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम आहे, तेव्हा साधी राहणी इथे कोणाला नव्याने शिकवावी लागत नाही. वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, ते रुक्मिणीचे माहेर. रुक्मिणी इथून निघाली ती रथात बसून, माहेरचे काहीही न घेता. तिला पासबुक नव्हते, त्यामुळे वजावटही झाली नाही. आजच्या बहिणींची तशी आबाळ होत नाही. शेतात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा. यांचा भाव कधी पडेल ते सांगता येत नाही, पण दंड कधी पडेल ते बँकेच्या दरपत्रकात आगाऊ छापलेले असते. अनिश्चिततेत जगणाऱ्या शेतकरी माणसाला असा एखादा तरी भरवशाचा आधार लागतोच.

या दंडाची खरी गोडी कळायची तर आधी समोरचे कार्यालय पाहिले पाहिजे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत बसायला वय ६५ पूर्ण हवे, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवे किंवा कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत तरी हवे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची मर्यादाही सर्वसाधारणपणे तीच. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. यापेक्षा एक रुपया जास्त मिळवणारा माणूस सधन समजला जातो आणि त्याला परत पाठवले जाते. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, समितीची मंजुरी अशा चाळण्यांतून अर्ज खाली येतो. अर्ज करणाऱ्या बाईजवळ खरोखरच काही नाही ना, याची शासन महिनोन्‌महिने खात्री करून घेते. मग महिन्याला १,५०० रुपये मंजूर होतात. २०२३ पर्यंत ते १,००० होते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे बाई आहे आणि तिच्याजवळ अजूनही काही नाही, हे दोन्ही कागदावर कायम राहते.

बँकेला इतका वेळ लागत नाही. जी गोष्ट सिद्ध करायला तहसीलला सहा महिने लागले, ती बँकेच्या संगणकाला एका रात्रीत कळते. फरक एवढाच की तहसीलमध्ये पैसे नसणे ही पात्रता असते आणि बँकेत तो कसूर. शासनाच्या एका दालनात ज्या गुणासाठी सन्मान होतो, त्याच गुणासाठी रस्त्यापलीकडे दंड होतो. काही कोत्या मनाचे लोक याला विसंगती म्हणतात. आम्हाला यात परिपूर्णता दिसते. नुसते अनुदान दिले असते तर माणूस शेफारला असता. नुसता दंड केला असता तर खचला असता.

दंडाचे तत्त्वज्ञान खिडकीवर किती सोप्या भाषेत समजावून दिले जाते, ते ऐकण्यासारखे असते. अनुदान आल्याची बातमी पसरली की शाखेत गर्दी होते. पासबुकात एन्ट्री मारून घेतली जाते. आणि मग साधारण असा संवाद होतो:

“साहेब, माह्ये पैसे कायले कापले जी?”

“आजी, खात्यात मिनिमम बॅलन्स नव्हता.”

“काहून नव्हता?”

“तुम्ही ठेवला नाही म्हणून.”

“असते तं ठेवले नसते काय बाप्पा?”

“नव्हते म्हणूनच चार्ज लागला.”

“तवा नव्हते, हे मान्य. पण आता तं आले नं? आता काहून कापले?”

“आता आले म्हणूनच कापता आले, आजी.”

या शेवटच्या वाक्यावर विद्यापीठांनी परिसंवाद घ्यावेत. पैसे नव्हते तेव्हा दंड लागला, पण घेता आला नाही. पैसे आले तेव्हा दंड लागायला नको होता, पण घेता आला. या दोन क्षणांच्या मधे आजी नुसती जगत होती. बँकेने तिच्या त्या रिकाम्या काळाचासुद्धा हिशेब ठेवला. स्वतःच्या मुलांनी ठेवला नसेल.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेची माया विशेष आहे. तिने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढून १ एप्रिल २०१५ पासून नियम लावले: शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवा, भरपाईसाठी एक महिना द्या, दंड तुटीच्या प्रमाणात घ्या, आणि केवळ या दंडामुळे खाते शून्याच्या खाली जाऊ देऊ नका. म्हणजे आजीचे शून्य सुरक्षित आहे. ज्या देशाने जगाला शून्य दिले असे आपण सांगतो, त्या देशात शून्याला असे कायदेशीर संरक्षण मिळाले याचा अभिमान वाटतो. मात्र शून्यावर येऊन थांबलेला दंड नाहीसा होतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी तो बाकी म्हणून दबा धरून बसतो आणि पुढचे अनुदान उंबऱ्यावर आले की पुढे होऊन स्वागत करतो. कळवण्याचे कामही नियमाप्रमाणे होते. मोबाइलवर इंग्रजीत एसएमएस येतो. मोबाइल नातवाजवळ असतो, नातू पुण्याला असतो. एक महिन्याची मुदत या प्रवासातच संपते. पण नियम पाळला गेला, हे महत्त्वाचे. शिवाय एसएमएस ही सेवा आहे, आणि सेवेचे काही बँकांत तिमाहीला १५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे होतात. आपल्याला दंड होणार आहे ही बातमी माणसाला फुकट मिळाली तर तिची किंमत राहणार नाही.

जीएसटीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दंडावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. श्रावणबाळचे पैसे देणारे राज्य सरकार त्या पैशांतून कापलेल्या दंडावर नऊ टक्के परत मिळवते. शासनाचा पैसा वाया जातो असे म्हणणाऱ्यांनी हा थेंब डोळ्यांसमोर ठेवावा. पावसाचे पाणी जिथे पडले तिथेच अडवण्याची योजना आपण जलयुक्त शिवारात पाहिली. इथे ते वाहून पुन्हा ढगात नेण्याची सोय आहे.

आता कोणी विचारील, जनधन खात्याला तर किमान शिलकीची अटच नाही, मग आजीला दंड कसा लागला? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याहून सुंदर आहे. प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. तिवसा तालुक्यात काय, देशभर कोट्यवधी शून्य शिलकीची खाती उघडली गेली. पण सरकारी पैसा खाते पाहून येत नाही. तो आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला त्या बँकेत जातो. आजीचे जनधन खाते एका बँकेत. पुढे कधीतरी बचत गटासाठी, कधी पीककर्जासाठी, कधी गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्या बँकेत साधे बचत खाते निघाले, तिथे “आधार लिंक करून टाका” असे कोणी सांगितले, आणि झाले. ज्या खात्याला दंड नाही ते खाते निवांत, आणि ज्याला दंड आहे तिथे अनुदान हजर. पैसे कुठे आले हे शोधण्यासाठी बाया सेतू केंद्रावर जातात, अंगठा लावतात, कपाशी वेचून वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात म्हणून अंगठा लागत नाही, सर्व्हर डाऊन असतो. या धावपळीत गावातल्या चार बँका पाहणे होते. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आणि महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. वजावट पाहायला जाण्याचा खर्च शासन असा उचलते.

लाडक्या बहिणींच्या वाट्यालाही हे भाग्य आले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यांत पडले. भावाने ओवाळणी घातली आणि कित्येक खात्यांत जुन्या दंडाने ती ताटातून आधी उचलली. तेव्हा राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले की ही रक्कम कशातही वळती करू नका. अतिवृष्टीच्या मदतीचे शासन निर्णय निघतात त्यांतही असेच एक वाक्य असते: मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये. हे वाक्य वर्षानुवर्षे न चुकता छापावे लागते, यावरून बँकांची कर्तव्यनिष्ठा किती दांडगी असेल याची कल्पना येते. एकदा सांगून ऐकतील त्या बँका कसल्या!

आता जरा मोठे आकडे पाहू, म्हणजे आजीचे राष्ट्रकार्य लक्षात येईल. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला आणि त्या नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत बँकेचा निव्वळ नफा १,५८१ कोटी होता. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेला मोठ्या कर्जदारांनी दगा दिला तेव्हा तिला हात दिला तो ज्यांच्या खात्यात हजार रुपये नव्हते अशांनी. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सरकारने सांगितले की २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिळून किमान शिलकीपोटी २१,००० कोटींवर, जादा एटीएम व्यवहारांपोटी ८,००० कोटींवर आणि एसएमएसपोटी ६,००० कोटींवर रक्कम गोळा केली. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत आलेला आकडा एकट्या सरकारी बँकांचा: पाच वर्षांत किमान शिलकीचा दंड सुमारे ८,५०० कोटी. १,५०० रुपयांच्या अनुदानाने भागले तर ही ५ कोटी ६६ लाख मासिक अनुदाने होतात. इतका पैसा या वर्गाजवळ होता, हे त्या वर्गाला स्वतःला ठाऊक नव्हते. बँकांनी तो शोधून काढला. तरीही लोक म्हणतात, गरिबांपर्यंत कोणी पोचत नाही.

जुन्या पिढीला या ठिकाणी सावकार आठवतो. वऱ्हाडात कापसाच्या पैशाबरोबर सावकारीही वाढली आणि तिच्या कथा अजून ओट्यावर सांगितल्या जातात. पण सावकाराची पद्धत मागासलेली होती. त्याला आधी कर्ज द्यावे लागे, मगच व्याज मागता येई. शिवाय त्याच्या मागे दामदुपटीचा नियम लागलेला: थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. किमान शिलकीच्या दंडाला दामदुपट लावून पाहा. बँकेने दिलेले मुद्दल शून्य. शून्याची दुप्पट शून्य. म्हणजे दंड शून्य. एवढ्या एका कारणावरून तो नियम किती अडाणी होता हे कळते. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा सावकाराच्या पाशातून गरीब सुटेल असे सांगितले गेले होते. ते शब्दशः खरे ठरले. सावकाराच्या दारात माणूस काहीतरी घेतल्याशिवाय अडकत नसे.

एटीएमचे माहात्म्यही याच पोथीतले. खात्यात पुरेसे पैसे नसताना यंत्राजवळ मागितले, तर यंत्र नाही म्हणते आणि त्या नकाराचे शुल्क लावते. काही बँकांत २० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. आपल्याकडे नकार नेहमी फुकट मिळत आला, म्हणून लोक उठसूट मागत सुटले. दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून मोफत व्यवहारांची मर्यादा ओलांडली की मे २०२५ पासून दर खेपेला २३ रुपयांपर्यंत अधिक कर. गरिबांसाठीच असलेल्या मूलभूत बचत खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत. पाचव्या वेळेची गंमत आयआयटी मुंबईच्या प्रा. आशिष दास यांनी मांडून ठेवली आहे. त्यांच्या अभ्यासाप्रमाणे स्टेट बँकेने २०१५ ते २०२० या काळात अशा सुमारे १२ कोटी खात्यांतून चारच्या पुढच्या दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेऊन ३०० कोटींहून जास्त रक्कम जमवली, आणि त्यात डिजिटल व्यवहारही मोजले. एका बाजूने ‘रोकड सोडा, डिजिटल व्हा’ असे फलक लागत होते. ज्यांनी फलक वाचून ऐकले त्यांना वाचनाचे बक्षीस मिळाले.

कोणी म्हणेल, गरिबाला अडीनडीला बँकेने थोडी उचल द्यावी. ती सोय आहे. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. २०१८ मध्ये ही मर्यादा ५,००० वरून वाढवली गेली आणि २,००० पर्यंतच्या उचलीला अटीही काढल्या. वयाची मर्यादाही तेव्हा ६० वरून ६५ केली. आता वेळापत्रक जुळवून पाहा. ६५ व्या वर्षी ओव्हरड्राफ्टची सोय संपते. ६५ व्या वर्षी लाडकी बहीण संपते. ६५ व्या वर्षी श्रावणबाळ सुरू होते, म्हणजे शासन लेखी कबूल करते की या बाईला आता आधाराची गरज आहे. गरज सिद्ध होण्याआधी उचल मिळते आणि सिद्ध झाली की बंद होते. रोगी बरा असेपर्यंत दवाखाना उघडा ठेवावा, ही शिस्त आपल्याला फार थोड्या खात्यांत पाहायला मिळते.

परदेशात या बाबतीत बराच गोंधळ आहे. अमेरिकेत खात्यात नसलेले पैसे बँक आधी देऊन टाकते आणि मग एका चुकीला ३५ डॉलरपर्यंत आकार लावते. तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांसाठी तो ५ डॉलरवर आणायचा नियम केला. २०२५ मध्ये तो रद्द करून देशाची घडी पूर्ववत बसवण्यात आली. इंग्लंडात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची खाती अशीच उणे होत असत. तिथल्या नियामकाने एप्रिल २०२० पासून ठरावीक आकार बंद करून नुसते व्याज ठेवायला लावले. दोन्ही देशांत बँकेला निदान काहीतरी उसने द्यावे लागते. आपली पद्धत त्याहून उन्नत आहे. देणे नाही, घेणे आहे. निष्काम कर्मयोगाचा उगम ज्या भूमीत झाला तिथेच हे सुचू शकते, आणि त्यातही निष्काम राहण्याचे काम ग्राहकाकडे सोपवणे फक्त आपल्याच व्यवस्थापकांना.

या सगळ्यावर तिवस्याच्या बायांनी एक तोडगा काढला आहे आणि तो आम्हाला अत्यंत निंद्य वाटतो. अनुदान आले रे आले की त्याच दिवशी सगळे काढून घ्यायचे. दुकानदाराची उधारी, दवाखाना, नातीची वही, उरले तर तांदळाच्या डब्यात. खात्यात काही ठेवायचेच नाही. याला आर्थिक निरक्षरता म्हणतात आणि ती दूर करण्यासाठी शिबिरे भरतात. शिबिरात सांगितले जाते की पैसे बँकेत ठेवले की वाढतात. आजीचा अनुभव असा की बँकेत ठेवले की कमी होतात आणि डब्यात ठेवले की निदान तेवढेच राहतात. दोन्ही बाजूंनी पुरावा मांडला तर निकाल आजीकडे झुकेल अशी भीती वाटते. म्हणून शिबिरात शेवटी प्रश्नोत्तरे न ठेवता चहा ठेवावा. पण मूळ दोष आजीचाच. ती १,५०० रुपये येताक्षणी खर्चून टाकते, जणू ते खर्चासाठीच दिले आहेत! ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने ग्रामीण भागातल्या नव्या खात्यांसाठी १०,००० रुपयांची सरासरी शिलकीची अट जाहीर केली होती. श्रावणबाळवाल्या बाईने जवळपास सात महिने जेवण टाळले असते तर ती या आदर्शापर्यंत सहज पोचली असती. त्या बँकेत तिचे खाते नाही, हे खरे. पण आदर्श दूरच असावे लागतात. दुर्दैवाने ओरड झाली आणि काही दिवसांतच ती रक्कम २,५०० वर आणावी लागली. किती शिल्लक मागायची हे रिझर्व्ह बँकेने बँकांवरच सोडले आहे, असे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी त्याच महिन्यात सांगितले, एवढाच काय तो दिलासा.

आम्ही मुद्दाम काही धोकादायक माणसांपासून सावध करू इच्छितो. प्रत्येक शाखेला असा एखादा पोरगा भेटतो, बहुधा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, जो आजीला कानात सांगतो: “आजी, साधं खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या असा अर्ज करा. त्याले मिनिमम बॅलन्स लागत नाही. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं नको.” हा अर्ज एका कागदावर मावतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि पोच घेतली की शाखेला तो बाजूला ठेवता येत नाही. दुसरा धोका याहून मोठा. चुकीची वजावट झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना आहे, तक्रार मोफत आहे, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. तिसरा, आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे ते पाहून तो शून्य शिलकीच्या खात्याला जोडून घ्यायचा. हे तीन उपाय तालुक्यात सगळ्यांना कळले तर दंडाची परंपराच खंडित होईल. म्हणून आमची विनंती आहे की या परिच्छेदाचे जाहीर वाचन ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, आणि विशेषतः अनुदान येण्याच्या आठवड्यात, कोणीही करू नये.

तसेही दिवस वाईट आले आहेत. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड सोडून दिला. २०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने आणि जुलैमध्ये पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक, बँक ऑफ इंडिया यांनी साध्या बचत खात्यांवरचा दंड काढून टाकला. एवढी वर्षे जे व्यवहार्य नव्हते ते दोन महिन्यांत व्यवहार्य कसे झाले, हे विचारणे असभ्यपणाचे ठरेल. आमच्यासारख्या भक्तांना मात्र पोरके वाटू लागले. सुदैवाने सगळ्या बँका अशा भावनेच्या आहारी गेलेल्या नाहीत. शिवाय एसएमएस आहे, कार्डाचे वार्षिक शुल्क आहे, यंत्राचा नकार आहे, हप्ता परत गेल्याचा आकार आहे. सही केलेल्या कुठल्याशा अर्जावरून मे महिन्याअखेर आपोआप वळते होणारे विम्याचे २० आणि ४३६ रुपये आहेत. देवळाचा कळस उतरवला म्हणून गाभारा बंद होत नाही.

तरीही परंपरा टिकवायची तर नशिबावर विसंबून चालणार नाही. म्हणून शासनाला आमची एक नम्र सूचना आहे. आज अनुदान मुंबईहून निघते, बँकेत येते, आजी एसटीने येते, रांगेत उभी राहते, एन्ट्री मारते, वजावट पाहते, भांडते, उरलेले घेऊन जाते. या सगळ्यात मनुष्यबळाचा फार अपव्यय होतो. त्यापेक्षा अनुदान सरळ बँकेच्या दंडाच्या खात्यात जमा करावे. थेट लाभ हस्तांतरण म्हणतात ते याहून थेट असू शकत नाही. लाभार्थी म्हणून नाव आजीचेच राहील, आकडेवारीला धक्का लागणार नाही. हयातीचा दाखलाही तिनेच आणून द्यावा, कारण ती हयात नसेल तर बँकेचे अनुदान बंद पडेल. त्यामुळे तिच्या प्रकृतीची चौकशी करणारी एक तरी संस्था तिला उतारवयात लाभेल. दर महिन्याला रक्कम जमा झाल्याचा एसएमएस तिला जावा. फक्त त्या एसएमएसचे तिमाहीचे १७ रुपये ७० पैसे तिने शाखेत येऊन रोख भरावेत. ते अनुदानातून कापता येणार नाहीत, कारण अनुदानाच्या रकमेला बँकेने हात लावू नये, असे शासनाने स्पष्ट बजावलेले आहे.